आधी टेप, मग कंपनी: मार्गो प्राइसच्या पहिल्या अल्बमचं प्रकरण

२५ मार्च २०१६ रोजी थर्ड मॅन रेकॉर्ड्स या नॅशव्हिलमधल्या, म्हणजे अमेरिकी कंट्री संगीताच्या राजधानीतल्या, स्वतंत्र कंपनीनं मार्गो प्राइस या कंट्री (अमेरिकी ग्रामीण बाजाच्या) गायिकेचा 'मिडवेस्ट फार्मर्स डॉटर' (मध्यपश्चिमेतल्या शेतकऱ्याची मुलगी) हा अल्बम बाजारात आणला. गायिका तेहतिशीच्या उंबरठ्यावर. नॅशव्हिलला येऊन तेरावं वर्ष लागलेलं. रेडिओवर गाजलेलं एकही गाणं नाही. तरी अल्बम बिलबोर्ड या संगीत नियतकालिकाच्या कंट्री अल्बमांच्या यादीत थेट दहाव्या क्रमांकावर येऊन बसला. कंट्री गाण्यांच्या यादीत आधी एकदाही नाव न लागता, पहिल्याच अल्बमसह पहिल्या दहांत शिरलेली ती पहिली एकल गायिका ठरली.

या अल्बमवर लिहिणाऱ्या बहुतेकांनी एकच गोष्ट उचलून धरली. रेकॉर्डिंगला पैसे नव्हते म्हणून नवरा-बायकोनं गाडी विकली, लग्नाची अंगठी गहाण टाकली आणि मेम्फिस गाठलं. गोष्ट खरी आहे, प्राइसनं स्वतः ती अनेक मुलाखतींत सांगितली आहे. आपल्याकडं मंगळसूत्र गहाण टाकलं म्हटल्यावर ऐकणारा जसा गप्प होतो, तसाच या गोष्टीचा परिणाम होतो, त्यामुळं पत्रकारांना ती आवडली यात नवल नाही. पण या प्रकरणाकडं धंद्याच्या नजरेनं पाहिलं तर अंगठीनं फक्त स्टुडिओचं भाडं भागवलं. बाकी सगळं भांडवल आधीच जमलेलं होतं, आणि ते कुठल्याही गहाणवटीच्या दुकानात चाललं नसतं. शिवाय तिनं एक क्रम उलटा केला. नॅशव्हिलमध्ये गायक आधी कंपनी शोधतो आणि मग अल्बम करतो. तिनं अल्बम आधी केला. माझ्या मते खरं प्रकरण तिथं आहे.

शेत गेल्यानंतर

प्राइसचा जन्म १९८३ चा, इलिनॉय राज्यातल्या अलीडो गावचा. बालपण जवळच्याच बफेलो प्रेअरी या वस्तीत गेलं. मिसिसिपी नदीच्या अलीकडंपलीकडं पसरलेला हा मक्याचा आणि सोयाबीनचा मुलूख. घरची शेती होती. ती दोन-अडीच वर्षांची असताना शेती गेली, वडिलांनी तुरुंगात नोकरी धरली. अल्बममधलं पहिलंच गाणं हा हिशेब मांडतं.

हे एका घराचं दुर्दैव नव्हतं, हे कळल्याशिवाय अल्बमच्या नावाचं वजन कळत नाही. १९७० च्या दशकात अमेरिकी धान्याची निर्यात फोफावली, जमिनीचे भाव चढले आणि त्या चढ्या भावांच्या तारणावर बँकांनी शेतकऱ्यांना मोकळ्या हातानं कर्जं दिली. दशक संपता संपता महागाई रोखण्यासाठी फेडरल रिझर्व्हनं, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं, व्याजदर वाढवले. १९८० च्या जानेवारीत सोव्हिएत संघाला धान्य विकण्यावर निर्बंध आले. कर्ज महागलं आणि तारणाची किंमत घसरली. नदीपलीकडच्या आयोवा राज्यात १९८१ ते १९८६ या पाच वर्षांत शेतजमिनीचे सरासरी भाव ६० टक्क्यांहून अधिक खाली आले. पिढ्यान् पिढ्या कसलेल्या जमिनी लिलावात गेल्या. विली नेल्सन, नील यंग आणि जॉन मेलनकॅम्प यांनी शेतकऱ्यांसाठी 'फार्म एड' ही मैफल सुरू केली ती याच काळात, २२ सप्टेंबर १९८५ रोजी, इलिनॉयमधल्याच शॅम्पेन गावी.

अल्बमच्या नावात जुन्या पिढीतली नामवंत कंट्री गायिका लोरेटा लिन हिच्या 'कोल मायनर्स डॉटर' (कोळसा खाणकामगाराची मुलगी) या गाण्याचा प्रतिध्वनी मुद्दाम ठेवलेला आहे. कंट्रीच्या श्रोत्याला तो पहिल्या क्षणी ऐकू येतो. फरक असा की लिनचे वडील खाणीत राबत होते, आणि प्राइसच्या वडिलांकडं राबायला शेत उरलं नव्हतं.

बारा वर्षांची उमेदवारी

ती कॉलेजात नृत्य आणि नाट्य शिकत होती. ते अर्धवट सोडून २००३ मध्ये, विशीत, नॅशव्हिलला आली. तिथं एक ओळख होती, आणि साधीसुधी नव्हे. आजोबांच्या पिढीतला नातलग बॉबी फिशर जॉर्ज जोन्स आणि कॉनवे ट्विटीसारख्यांसाठी गाणी लिहिणारा मुरलेला गीतकार होता. तिनं त्याला आपली गाणी ऐकवली. शिफारशीचं पत्र वगैरे काही मिळालं नाही. टीव्ही, कंप्युटर बाजूला ठेव आणि खोलीत बसून लिहीत राहा, असा सल्ला मिळाला, असं ती सांगते. ओळखीच्या बळावर आलेल्यांना असे सल्ले कमी मिळतात. ते पाळणारे त्याहून कमी.

पुढची दहा-बारा वर्षं पडेल ते काम आणि मिळेल ती सुपारी. हॉटेलात वेट्रेस, मुलांना नाच शिकवणं, घरांच्या भिंतींना बाहेरून फळ्या बसवण्याचं कामसुद्धा. बेसवादक आणि गीतकार जेरेमी आयव्ही याच्याशी लग्न झालं. दोघांनी मिळून 'बफेलो क्लोव्हर' नावाचा बँड चालवला, त्याचे अल्बम स्वतःच काढले, गाडी हाणत गावोगाव वाजवलं. तो बँड थांबल्यावर 'मार्गो अँड द प्राइसटॅग्ज' उभा राहिला. या बँडमध्ये वेगवेगळ्या वेळी साथीला बसलेल्यांत पुढं नाव काढलेला स्टर्जिल सिम्पसनही होता. ईस्ट नॅशव्हिलच्या बारमध्ये आज कोण कोणाच्या मागं वाजवतंय हे त्या काळी कुणी फारसं लिहून ठेवत नव्हतं.

याच वर्षांत २०१० मध्ये तिला जुळे मुलगे झाले आणि त्यातला एक हृदयाच्या दोषामुळं जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेला. पुढं दारू, गाडीचा एक अपघात आणि तुरुंगात काढलेला एक शनिवार-रविवार. तुरुंगाचं अल्बममध्ये एक स्वतंत्र गाणं आहे. २०२२ मध्ये आलेल्या आत्मकथनात तिनं हे सगळं तपशिलानं लिहिलं. प्रकरणापुरतं एवढं पुरे की अल्बमची गाणी जुळली तेव्हा लिहिण्यासारखं पुष्कळ साठलेलं होतं, आणि ते कसं लिहायचं याचा सरावही तोवर झालेला होता. या दोन्ही गोष्टी क्वचितच एका वेळी जुळून येतात.

कंपनीचा पैसा म्हणजे कुणाचा पैसा

क्रम उलटा करण्यात काय विशेष, हे समजायला रेकॉर्ड कंपनीचा हिशेब पाहावा लागतो. कंपनी अल्बमसाठी जी उचल देते ती बक्षीस नसते. स्टुडिओ, निर्माता, वादक, कधीकधी रेडिओ-प्रचाराचा आणि व्हिडिओचा खर्चसुद्धा गायकाच्या खात्यावर उधार म्हणून चढतो आणि त्याच्या रॉयल्टीतून वळता होतो. यातली मेख टक्केवारीत आहे. समजा खर्च एक लाख डॉलर झाला आणि गायकाचा वाटा १५ टक्के ठरला. अल्बमनं कंपनीला एक लाख मिळवून दिले म्हणून खातं चुकतं होत नाही. एक लाख वसूल व्हायला हवेत ते गायकाच्या त्या १५ टक्क्यांतून. म्हणजे कंपनीच्या हाती सुमारे ६ लाख ६७ हजार डॉलर आल्यावर गायकाला पहिला डॉलर दिसणार. आणि उचल पुरती फिटली तरी मूळ ध्वनिमुद्रण, म्हणजे मास्टर, सर्वसाधारणपणे कंपनीच्याच मालकीचं राहतं. घराचे सगळे हप्ते फेडायचे आणि सातबारा मात्र सावकाराच्या नावानं, अशी ही रीत.

गीतलेखनाचा पैसा वेगळ्या वाटेनं येतो. त्या वर्षांत अमेरिकेत प्रत्येक प्रतीमागं पाच मिनिटांपर्यंतच्या प्रत्येक गाण्याला ९.१ सेंट हा कायद्यानं ठरलेला दर होता, त्याहून लांब गाण्याला थोडा जास्त. या अल्बमवर दहा गाणी. पूर्ण दर धरला तर एका प्रतीमागं ९१ सेंटांहून थोडे अधिक गीतकार आणि प्रकाशक यांच्या वाटणीला. स्वतःची गाणी स्वतः लिहिणाऱ्याला हा दुसरा नळ असतो, आणि रेकॉर्डिंगच्या उधारीशी त्याचा एरवी संबंध नसतो. मात्र नॅशव्हिलच्या म्युझिक रो या संगीत कंपन्यांच्या वसाहतीत गाणं बहुधा तीन-चार जण दुपारच्या बैठकीत मिळून लिहितात, तेव्हा ९.१ सेंटांचेही तीन-चार तुकडे होतात. प्राइसच्या अल्बमवर बरीच गाणी तिची एकटीची किंवा नवऱ्याबरोबरची आहेत. एका गाण्यावर केटलिन रोझ आणि मार्क फ्रेडसन यांचाही हात आहे. घरातलं घरात राहिलं, असं म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडं २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क असा बांधून दिला की करारात लिहून दिला तरी तो हातचा जात नाही. वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच तो देता येतो. त्या भांडणाचा मोठा भाग मुंबईत लढला गेला, म्हणून मराठी गीतकारांना हा विषय परका नाही. पण मास्टर कुणाचा, हा प्रश्न इथंही बव्हंशी कंपनीच्याच बाजूनं सुटतो.

पैशाहून मोठी गोष्ट निर्णयाची. ज्याचा पैसा त्याचा निर्माता, त्याचे वादक, आणि कुठलं गाणं आत, कुठलं बाहेर हेही त्याच्याच हाती. गायिकेकडं फक्त आवाज असेल तर कंपनी त्या आवाजाचं काय करायचं ते ठरवते. हाती पूर्ण टेप असेल तर कंपनीपुढं एवढाच प्रश्न उरतो: हवी की नको?

तीन दिवस, ७०६ युनियन अव्हेन्यू

अल्बम झाला तो नॅशव्हिलमध्ये नव्हे. तीन तासांवरच्या मेम्फिसमधल्या सन स्टुडिओत. सॅम फिलिप्सनं १९५० मध्ये सुरू केलेली ही एक खोली. एल्विस प्रेस्ली, जॉनी कॅश, कार्ल पर्किन्स आणि जेरी ली लुईस यांची सुरुवातीची रेकॉर्डिंग इथलीच. आता तिथं दिवसा पर्यटक येतात, फोटो काढतात, गाइड टेपवर जुने आवाज ऐकवतो. दार लोकांसाठी बंद झालं की रेकॉर्डिंग सुरू होतं. प्राइस आणि तिच्या साथीदारांनी अल्बम तीन दिवसांत उरकला. अॅलेक्स मुनोझ आणि मॅट रॉस-स्पँग हे दोघं निर्माते. रॉस-स्पँग या स्टुडिओचाच ध्वनी-अभियंता होता. १९५० च्या दशकातली यंत्रं शोधून, दुरुस्त करून ती पुन्हा त्या खोलीत मांडण्याचं वेड त्याचं.

हा तीन दिवसांचा आकडा वाचताना लोक काटकसर पाहतात. मला त्यात तालीम दिसते. सनची खोली लहान आहे. सगळे एकत्र वाजवतात, आणि एकाचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये सांडतो. ड्रमच्या माइकवर थोडी गायिका, गायिकेच्या माइकवर थोडी पेडल स्टील, म्हणजे पायपट्ट्यांची आडवी गिटार. आधुनिक स्टुडिओत प्रत्येकाला वेगळ्या काचेआड बसवतात ते हे टाळण्यासाठीच. वेगळा आवाज नंतर सुटा दुरुस्त करता येतो, चुकलेली एक ओळ दुसऱ्या दिवशी गाऊन चिकटवता येते. सांडलेला आवाज असा सुटा होत नाही. त्या खोलीत टेक बरोबर आला तर सगळ्यांचा मिळून, चुकला तर सगळ्यांचा मिळून. तिथं तीन दिवसांत दहा गाणी उतरवायची तर बँडला प्रत्येक गाण्याची वळणं झोपेतही ठाऊक असावी लागतात. भाड्यानं आणलेले उत्तम वादक सूर बरोबर लावतील, पण गाण्यात कुठं दम रोखायचा हे त्यांना तिसऱ्या दिवशी कळायला लागतं. तोवर पैसे संपलेले असतात.

म्हणून म्हटलं की अंगठीनं भाडं भागवलं. ईस्ट नॅशव्हिलच्या बारमधल्या त्या अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांपुढच्या रात्री नसत्या तर त्या भाड्यात अर्धा अल्बमसुद्धा झाला नसता. स्वस्तात रेकॉर्डिंग ज्याला करायचंय त्यानं आधी महागात तयारी केलेली असावी लागते, आणि हा खर्च कुठल्याच ताळेबंदात येत नाही.

आता अल्बमचंच थोडं. सुरुवातीचं गाणं सहा मिनिटांचं आहे. रेडिओला साडेतीन मिनिटांच्या आसपासचं गाणं हवं असतं हे नॅशव्हिलमध्ये राहून तिला ठाऊक नसणार असं कोण म्हणेल? कंपनीच्या बैठकीत हे गाणं पहिल्या जागेवर टिकलंच नसतं. निम्मं कापा, कोरस आधी आणा, आणि तुरुंग, कर्ज, मेलेलं मूल हे सगळं एकाच गाण्यात कशाला, असं कुणीतरी नक्की सुचवलं असतं. संथ सुरू होऊन तंतुवाद्यांच्या लाटेवर चढत जाणारं हे गाणं एका आयुष्याची पूर्ण जमाखर्चवही आहे, आणि ती ऐकल्यावर पुढच्या नऊ गाण्यांतल्या दारूच्या, दगाबाज पुरुषांच्या, नॅशव्हिलमधल्या संधिसाधूंच्या गमती पोकळ वाटत नाहीत. गाण्यांचा हा क्रमच अल्बमचा कणा आहे असं मला वाटतं. उत्तरार्धात एखाद-दुसरं गाणं जुन्या हॉन्की-टॉन्क, म्हणजे बारमधल्या कंट्रीच्या, साच्याच्या फार जवळ जातं, तिथं लोरेटा लिनची सावली अंगाबाहेर मोठी पडते. ती तक्रार माझी आहे, पण तीही कंपनीनं घडवलेल्या अल्बमबद्दल करता आली नसती. तिथं चुकासुद्धा समितीच्या असतात.

नकाराचे महिने

तयार टेप घेऊन दारोदार फिरणं सुरू झालं आणि एकामागून एक नकार आले. काळ कसला होता तेही पाहू. २०१५ च्या मे महिन्यात रेडिओ सल्लागार कीथ हिल यानं एका व्यवसायपत्रात सांगितलं की श्रोते टिकवायचे असतील तर स्त्रियांची गाणी कमी लावा. कंट्री रेडिओच्या सॅलडमधली लेट्यूसची पानं म्हणजे पुरुष गायक, स्त्रिया म्हणजे वर टाकलेले टोमॅटो. गदारोळ झाला, टोमॅटोचे टी-शर्ट निघाले, पण तो बोलला ते स्टेशनांच्या रोजच्या व्यवहारातलंच होतं. ओटावा विद्यापीठातल्या जेडा वॉटसन यांनी पुढं आकड्यांनिशी दाखवलं की कंट्री रेडिओवर वाजणाऱ्या गाण्यांत स्त्रियांचा वाटा २००० साली सुमारे एक तृतीयांश होता, तो २०१८ पर्यंत एक दशांशाच्या आसपास उतरला.

हे लक्षात घेतलं की कंपन्यांचा नकार मूर्खपणाचा वाटत नाही. मोठ्या नॅशव्हिल कंपनीचं सगळं यंत्र रेडिओसाठी बांधलेलं. गायकाला महिनोन् महिने स्टेशनोस्टेशनी नेऊन प्रोग्राम डायरेक्टरांपुढं गाऊन दाखवायला लावायचं, एकेक गाणं यादीत चढवायचं. हा खर्च प्रचंड. ज्या यंत्रातून दहात एकच स्त्री पुढं जाते त्यात तिशी ओलांडलेली, सहा मिनिटांचं गाणं घेऊन आलेली, पेडल स्टीलवर अडून बसलेली गायिका घालणं हा त्यांच्या हिशेबानं तोट्याचा सौदा होता. त्यांच्या हिशेबानं तो बरोबरही होता. रेडिओनं हा अल्बम पुढंही फारसा वाजवला नाही.

तिच्या बाजूनं पाहिलं तर या महिन्यांत तयार टेपनं एक उपकार केला. नकारातून अल्बम बदलला नाही. अजून अर्धा असता तर प्रत्येक 'नाही'बरोबर एक सूचना आली असती आणि पाचव्या सूचनेपर्यंत त्याचं दुसरंच काही झालं असतं. टेप कपाटात तशीच राहिली. वाईट एवढंच की कपाटातल्या टेपेवर व्याज चढत नाही, आणि अंगठी गहाण पडलेल्या घरात चढतं.

थर्ड मॅनचं गणित वेगळं

जॅक व्हाइटच्या थर्ड मॅन रेकॉर्ड्सचं नॅशव्हिलमधलं बस्तान २००९ पासूनचं: दुकान, कचेरी, छोटा रंगमंच आणि रेकॉर्डिंगची सोय एकाच आवारात. व्हाइट स्वतः रॉकवाला, पण २००४ मध्ये लोरेटा लिनच्या अल्बमचा निर्माता तोच होता, त्यामुळं जुन्या कंट्रीशी त्याचं नातं दिखाऊ नव्हतं. या कंपनीचं गिऱ्हाईक रेडिओवर अवलंबून नव्हतं. विनाइल तबकड्या विकत घेणारं, कंपनीच्या नावावर विश्वास ठेवून अनोळखी कलाकार ऐकणारं. मोठ्या कंपनीला जे दोष वाटले, जुन्या खोलीतला आवाज, टेप, सांडलेले माइक, लांब गाणं, ते इथं विक्रीचे मुद्दे होते. थर्ड मॅननं अल्बम आहे तसा घेतला.

लगेच कोणत्या बाजारात जायचं तेही बदललं. प्रसिद्धीनंतर दोन आठवड्यांनी, ९ एप्रिल २०१६ रोजी, ती 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'वर गायली. रेडिओवर एकही हिट नसलेल्या कंट्री गायिकेला राष्ट्रीय दूरचित्रवाणीवरची ही जागा सहसा मिळत नाही. रेडिओचा जिना चढून तिथं पोहोचायला वर्षं लागतात. इथं जिनाच वगळला. त्याच वर्षी अमेरिकाना म्युझिक असोसिएशननं तिला उदयोन्मुख कलाकाराचा पुरस्कार दिला.

दहाव्या क्रमांकाबद्दल मात्र फार हुरळून जायला नको. अल्बमांच्या यादीत पहिल्या आठवड्यात वर येतात ते ठरवून खरेदी करणाऱ्या चाहत्यांच्या जोरावर, आणि एका आठवड्याचा आकडा हा एका आठवड्याचाच आकडा असतो. या प्रकरणात त्याचं मोल वेगळं आहे. रेडिओ नसतानाही कंट्री अल्बम घ्यायला लोक आहेत, याचा तो पुरावा होता. पुरावा तिच्या आधीही साचत होता. सिम्पसनचा दुसरा अल्बम २०१४ मध्ये अगदी थोड्या पैशांत झाला होता. फेब्रुवारी २०१५ मध्ये टेक्सासच्या आरन वॉटसननं स्वतः काढलेला अल्बम कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच वर्षी जेसन इस्बेलनं स्वतःच्या लेबलवरून तेच केलं. हे तिघंही पुरुष होते, एवढं नोंदवून ठेवतो.

दुसरी वाट होती का

वर्गात हे प्रकरण चर्चेला ठेवलं तर पहिला प्रश्न हाच येईल, की अल्बम स्वतःच का काढला नाही? लोकवर्गणीची संकेतस्थळं तोवर रुळली होती. आरन वॉटसनचं उदाहरण होतं. पण वॉटसनच्या पाठीशी टेक्सासच्या नाचघरांचा दीड दशकाचा दौरा होता, अल्बम निघाला की त्याच आठवड्यात घेणारे हजारो लोक त्याला नावानिशी ठाऊक होते. प्राइसकडं तालीम तेवढीच होती, गिऱ्हाईक नव्हतं. 'बफेलो क्लोव्हर'चे अल्बम तिनं स्वतः काढून पाहिले होते, त्यांचं काय झालं हेही तिनं पाहिलं होतं. तिला पैशापेक्षा दुकान हवं होतं. म्हणून तिनं निर्मिती स्वतःच्या हातात ठेवली आणि वितरण दुसऱ्याला दिलं. स्वतंत्र कलाकार म्हणजे सगळं एकट्यानं करणारा, ही समजूत इथं कामाची नाही. कुठली गोष्ट हातची सोडायची नाही हे एकदा ठरलं की बाकीच्या देता येतात.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. हा मार्ग इतरांना सुचवावा का? गाडी विकून अल्बम करणाऱ्यांची संख्या नॅशव्हिलमध्ये कमी नसणार, आणि त्यातल्या बहुतेकांची टेप कपाटातच राहते. त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही, आपणही आत्ता लिहीत नाही. इथं जोखीम कंपनीवरून उचलून घरावर ठेवली गेली, ज्या घरात लहान मूल होतं. ते फळलं म्हणून ते शहाणपणाचं ठरत नाही. मी कुणाला गहाणवटीचा सल्ला देणार नाही. बँड मुरला आहे का, गाण्यांचा क्रम ठरला आहे का, एवढं मात्र विचारीन.

पुढं

दुसरा अल्बम ऑक्टोबर २०१७ मध्ये, पुन्हा थर्ड मॅनकडूनच. तोही मेम्फिसमध्येच, पण सॅम फिलिप्सनं १९६० मध्ये मॅडिसन अव्हेन्यूवर बांधलेल्या मोठ्या स्टुडिओत. त्यात विली नेल्सन एका गाण्यात सोबत गायला. स्त्रियांना मिळणाऱ्या कमी पगारावर एक गाणं होतं, आणि शेतीचा विषयही सुटलेला नव्हता. त्यानंतर ती लोमा व्हिस्टा या कंपनीत गेली. २०२० च्या अल्बमचा निर्माता सिम्पसन होता, आणि आवाज कंट्रीपासून बराच रॉककडं सरकला. २०२३ चा अल्बम आणखी पुढं गेला. पहिल्या अल्बमवर प्रेम करणाऱ्या काहींना हे रुचलं नाही.

२०१९ च्या ग्रॅमीसाठी तिला नामांकन मिळालं ते 'सर्वोत्तम नवोदित कलाकार' या गटात. नॅशव्हिलमध्ये येऊन पंधरा वर्षं उलटली होती. पुरस्कार दुआ लिपाला गेला.

२०२१ मध्ये ती फार्म एडच्या संचालक मंडळावर गेली. नेल्सन, यंग आणि मेलनकॅम्प तिथं पहिल्यापासून होतेच. १९८० च्या दशकातल्या त्या संकटात ज्या घराचं शेत गेलं त्या घरातली मुलगी आता त्या टेबलावर बसून कुणाला मदत द्यायची ते ठरवते.

आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये 'हार्ड हेडेड वुमन' आला. कंपनी लोमा व्हिस्टाच, पण सूर पुन्हा कंट्रीचा. निर्माता मॅट रॉस-स्पँग. रेकॉर्डिंग या वेळी नॅशव्हिलच्या आरसीए स्टुडिओ ए मध्ये झालं. म्युझिक रोवरची ही इमारत २०१४ मध्ये पाडली जाणार होती, संगीतकारांनी आरडाओरडा केला म्हणून वाचली. ज्या वसाहतीनं पहिल्या अल्बमला दारात उभं केलं नव्हतं, तिथं ती रेकॉर्डिंगला गेली ती स्वतःचा निर्माता बरोबर घेऊन.